आजाऱ्याच्या समाचाराला जाताना

प्रश्न एका तरुणीचा आहे. ती पतसंस्थेत कामाला आहे आणि दर रविवारी उपासनेला जाते. तिनं लिहिलंय ते थोडक्यात असं: "नाताळात आमच्या तरुण संघानं स्टेशनाबाहेर चादरी वाटल्या, फोटो काढले, छान वाटलं. जानेवारीत सगळं थंड. बायबलातल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर उपदेश ऐकला की जीव अस्वस्थ होतो. पगार बेताचा, वेळ त्याहून कमी. आजारी माणसापुढं गेलं तर काय बोलावं सुचत नाही. आणि कुणाला मदत करायला गेलं की लोक म्हणतात, हे ख्रिस्ती, यांचा काहीतरी हेतू असणार. सिस्टर, हा विश्वास रोजच्या जगण्यात जगायचा कसा?"

मी ३२ वर्षं नर्स होते. शिकले मिरजेत, नोकरी सोलापुरात. निवृत्त होऊनही गल्लीत अजून सिस्टरच आहे. आता मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, चार बायकांबरोबर दर बुधवारी आजाऱ्यांना भेटायला जाते. त्यामुळं माझं उत्तर व्यासपीठावरचं कमी आणि वॉर्डातलं जास्त असेल.

आधी त्या चादरींचं मिटवून टाकू. सोलापुरात चादर वाटणं म्हणजे कोकणात नारळ वाटण्यासारखं. नाताळच्या आठवड्यात स्टेशनाबाहेर झोपणाऱ्या एकेका म्हाताऱ्याच्या अंगावर तीन-तीन मंडळांच्या चादरी पडतात. सकाळी त्यातल्या दोन विकून तो चहा-पाव खातो. मला त्यात काही गैर दिसत नाही. त्याला चहा-पावच हवा होता, आपण विचारलं नव्हतं. याकोबानं त्याच्या पत्रात हेच म्हटलंय: भाऊ-बहीण उघडी आहेत, रोजच्या अन्नाला महाग आहेत, आणि तुम्ही नुसतं 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणालात तर उपयोग काय? ऊब देण्यात आपलं गाव कुणाला हार जाणार नाही. 'तृप्त व्हा'चं काय करायचं ते मात्र त्या माणसालाच विचारावं लागतं, आणि पहिल्या भेटीत कुणी खरं सांगत नाही. वाटा खुशाल चादरी. फेब्रुवारीत त्याच म्हाताऱ्याकडं कोण गेलं होतं, एवढंच मी विचारते.

तू ज्या अध्यायाचं नाव घेतलंस त्यात आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक शब्द आहे, तो मला फार आवडतो. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात. भुकेल्याला अन्न दिलं, तान्हेल्याला पाणी दिलं, उघड्याला वस्त्र दिलं, तिथं हातात काहीतरी वस्तू आहे. आजाऱ्याच्या आणि तुरुंगातल्याच्या ओळीत वस्तू नाही. बरं केलंत, सोडवून आणलंत असंही तो म्हणत नाही. आलात, म्हणतो. 'मी काही डॉक्टर नाही, माझ्याकडं पैसे नाहीत' ही सबब या दोन ओळींपुढं टिकत नाही.

आता गंमत बघ. आजच्या मराठीत एखाद्याचा 'समाचार घेणं' म्हणजे त्याची खरडपट्टी काढणं. आणि आपली माणसं समाचाराला म्हणून जातात आणि समाचार घेऊन येतात! "पथ्य पाळलं नसशील." "उपासना चुकवत होतास ना मधे?" "देव परीक्षा बघतो." बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठव. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तोवर ते उत्तम मित्र होते. चौथ्या अध्यायात त्यांच्यातला अलीफज तोंड उघडतो आणि तिथून सगळा घोटाळा सुरू होतो. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, या मित्रांवर.

मी स्वतः अलीफज झालेली आहे. शेजारच्या गल्लीत एका बाईचा १९ वर्षांचा मुलगा हायवेवर अपघातात गेला. चौथ्या दिवशी मी गेले. ती सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. मी बसल्या बसल्या सुरू केलं, देवाची काहीतरी योजना असते, त्याला देवानं आपल्याजवळ बोलावलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "सिस्टर, बसायचं असेल तर बसा. बोलू नका." मला कानाखाली बसल्यासारखं झालं. उठून जायची लाज वाटली, म्हणून तिच्या सुपातली ओंजळभर ज्वारी माझ्या पदरात घेतली आणि खडे काढत बसले. तासभर. जाताना ती म्हणाली, "उद्या पण या." त्यानंतर मी वीसेक दिवस जात होते आणि त्या वीस दिवसांत मुलाचं नाव तिनं दोनदा घेतलं. काय बोलावं सुचत नाही असं तू लिहिलंस, तर सुचत नाही हे चांगलंच आहे. सुचणाऱ्यांनी फार नुकसान केलंय.

तरी रीत म्हणून काही गोष्टी सांगते. कॉटवर बसायचं नाही, स्टूल ओढून रोग्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. उभं राहून बोललं की तो पाहुणा मनानं निघालेला आहे हे रोग्याला कळतं. आपल्याला सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवायचे. दहा मिनिटं पुष्कळ झाली. झोपला असेल तर उठवायचं नाही. रिपोर्ट मागून वाचायचे नाहीत, 'माझ्या मावस दिराला हेच झालं होतं' ही गोष्ट तर अजिबात सांगायची नाही, कारण त्या गोष्टीतला मावस दीर शेवटी नेहमी वारलेला असतो.

आणि सफरचंदं नेऊ नकोस. निदान विचारल्याशिवाय नको. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाच्या उशाला मी सफरचंदांच्या पाच-पाच पिशव्या बघितल्यात. भुकेलं माणूस त्या कॉटवर नसतं, कॉटखाली सतरंजी टाकून बसलेलं असतं. आपल्या सिव्हिलला अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पार पलीकडं विजापूर-कलबुर्गीकडून माणसं येतात. नवरा कॉटवर, बायको व्हरांड्यात. तिला नाश्ता कुठं मिळतो माहीत नसतं, जागा सोडली तर डॉक्टर येऊन जातील ही भीती असते, आणि जवळचे पैसे औषधाला लागतील म्हणून ती दोन-दोन दिवस चहावर काढते. तिला विचार, "जेवलात का?" कानडी असेल तर "ऊटा आयता?" एवढं आलं तरी पुरे, चेहरा बदलतो. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेतो. तापवायला नको, नासत नाही, पिशवीत आठ दिवस राहते. रोग्याजवळ अर्धा तास मी बसते आणि त्या बाईला सांगते, जा, आंघोळ करून ये, खाऊन ये. बहुतेक वेळा आमच्या भेटीतला खरा उपयोगाचा भाग तो अर्धा तासच असतो.

भाषेवरून आठवलं. पूर्व भागात एक म्हातारी आहे. आम्ही तिला अव्वाच म्हणतो. सत्तरी ओलांडली आहे, नवव्या वर्षापासून विड्या वळल्यात. नात्याचं असं गावात कुणी नाही. पहिले तीन महिने मी तिच्याकडं जाऊन मराठीत मोठमोठ्यानं बोलायची. बहिरी नव्हती ती, पण समोरच्याला भाषा येत नसली की आपण का कोण जाणे आवाज चढवतो. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सकाळी एक, कळलं? मान हलली. एक दिवस उशीखाली हात घातला तर पाकिटं तशीच, एकही गोळी फोडलेली नाही. मग मंडळीतली तेलुगू घरची एक कॉलेजातली मुलगी बरोबर नेली. ती दारातच म्हणाली, "अव्वा, तिन्नारा?" म्हणजे आजी, जेवलात का? आणि त्या म्हातारीच्या तोंडाचं जे धरण फुटलं ते पाऊण तास. गोळ्या का घेत नाही? तर त्या जेवणानंतर घ्यायच्या असं मीच सांगितलं होतं, तेवढं तिला कळलं होतं, आणि सकाळी ती जेवतच नव्हती.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय वाच. पहिल्या मंडळीतलं पहिलं भांडण शिकवणीवरून झालं नाही, जेवणाच्या वाटपावरून झालं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती. कुणी मुद्दाम करत असेल असं मला वाटत नाही. माझं अव्वाच्या बाबतीत झालं तसंच झालं असेल, त्यांचं बोलणं वाटणाऱ्यांच्या कानापर्यंत पोहोचत नसेल. मग त्यांनी सात माणसं निवडली आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या गावात हे ध्यानात ठेवायला हवं. तुमच्या तरुण संघात तेलुगू-कानडी येणारी मुलं कोण, ते आधी बघा. कोट-टाय घालून संचालन करायला माणसं पुष्कळ आहेत.

अव्वाचं दुसरं दुखणं पाण्याचं. आपल्याकडं तेव्हा नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, आणि तिच्या गल्लीत ते रात्री दीड-दोनला सुटायचं. आजूबाजूच्यांच्या मोटारी लागल्या की हिच्या नळाला नुसती हवा. विड्या वळून वळून बोटं वाकलेली, कळशी उचलवत नाही, त्यात मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. तिच्या घरात दोन बॅरल होते आणि दोन्ही रिकामे. मी आमच्या मंडळीच्या पाळक साहेबांना (पास्टरना) म्हटलं, महिला मंडळातून टाकी घेऊन देऊ. त्यांनी शांतपणे विचारलं, "टाकी भरणार कोण?" बरोबर होतं त्यांचं. शेवटी गल्लीतच बारावीचा एक पोरगा सापडला, रात्री जागून अभ्यास करायचा. त्याच्याकडं लांब पाइप होता. स्वतःच्या घरचं झालं की पाइप अव्वाच्या खिडकीतून आत सोडायचा, बॅरल भरले की ओढून घ्यायचा. म्हातारी झोपलेलीच. सकाळी उठायची तेव्हा पाणी भरलेलं. तो पोरगा आपला नाही, देवळात जाणाऱ्या घरचा आहे. प्रभू येशूनं गार पाण्याच्या एका प्याल्याचं प्रतिफळ बुडणार नाही म्हटलंय, यानं दोनशे लिटरचे दोन बॅरल भरले, चार दिवसांनी एकदा, दोन वर्षं.

इथं थांबून एक सांगते, कारण तुझ्या प्रश्नातल्या 'हेतू'शी त्याचा संबंध आहे. शोमरोनी माणसाची गोष्ट प्रभूनं सांगितली ती यहूदी श्रोत्यांना. त्यांच्या दृष्टीनं शोमरोनी म्हणजे परका, उपासना वेगळी, देऊळ वेगळं. लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेल्या माणसाला बघून याजक आणि लेवी, म्हणजे त्यांचेच देवळातले सेवक, बाजूनं निघून गेले आणि कळवळा आला तो या परक्याला. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द आतड्यांवरून आलाय. आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही, आपण आतडं पिळवटलं म्हणतोच. सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक भैय्या चौकात आहे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, लढाईतल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी तिकडंच वारले. ते काही ख्रिस्ती नव्हते. कळवळ्यावर आपली मक्तेदारी आहे असं शास्त्रात कुठंच लिहिलेलं नाही, उलट त्या गोष्टीत मार आपल्यालाच बसतो.

तर हेतूबद्दल. लोक संशय घेतात त्यात सगळी चूक लोकांची नाही. डब्याबरोबर पत्रक द्यायचं, रोग्याच्या कॉटशी मोठ्यानं प्रार्थना करायची, बरा झाला की साक्ष द्यायला मंडळीत बोलवायचं, हे आपल्यातल्या काहींनी केलंय. मी करत नाही आणि आमच्या बुधवारच्या गटात कुणाला करू देत नाही. कॉटवर पडलेला माणूस 'नको' म्हणायच्या परिस्थितीत नसतो. त्याच्या असहायतेचा फायदा घेतला तर तो गळ झाला, डबा कसला? प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले. नऊजण आभार मानायलासुद्धा परतले नाहीत. नऊजण कुठं आहेत, एवढं त्यानं विचारलं, पण त्यांचं बरं होणं काही परत काढून घेतलं नाही. कुणी स्वतःहून म्हणालं, सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर मी हात धरून हळू आवाजात करते. हिंदू बायका म्हणतात, मुस्लिम बायका जास्त म्हणतात. नाही म्हणालं कुणी तर मनात करायला मला कोण अडवतं? एकदा गळ्यात तुळशीची माळ असलेले एक आजोबा शेवटच्या दिवसांत होते. त्यांना अभंग ऐकायचे होते आणि त्यांच्या मुलाचा मोबाइल साधा. मी माझ्या मोबाइलवर लावून उशाशी ठेवला. आमच्यातली एक बाई नंतर म्हणाली, "सिस्टर, हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, तू त्यांच्या जागी असतीस आणि नर्सनं तुझ्या कानाशी आपलं गीत लावलं असतं तर?

वेळ नाही म्हणतेस. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलंय, शेताच्या कडेपर्यंत कापू नको, पडलेली कणसं वेचू नको, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. बायबलातली परकी विधवा रूथ त्याच सरव्यावर जगली. तू दिवसाची कडेपर्यंत कापणी करतेस का, ते बघ. तू पतसंस्थेत बसतेस. तुझ्या काउंटरला पैसे काढायची स्लिप भरता न येणारी म्हातारी येते ना? तिला "पुढच्या खिडकीला जा" म्हणायला पाच सेकंद लागतात, स्लिप भरून द्यायला दोन मिनिटं. ती दोन मिनिटं हा तुझा सरवा. त्यासाठी रजा नको, तरुण संघाचा ठराव नको.

आणि तुला कागद कळतात, ही तुझी मोठी ताकद आहे, माझ्यात ती नव्हती. आमच्या भेटीतली निम्मी दुःखं कागदाची असतात. विधवा, अपंग, निराधार यांना संजय गांधी निराधार योजनेत दरमहा पैसे मिळतात, ६५च्या पुढच्यांना श्रावणबाळमधून. त्याला ठरलेल्या मर्यादेच्या आतला वार्षिक उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, विधवेला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. यातला एक कागद नसतो म्हणून बाई वर्ष-वर्ष हेलपाटे घालते. आमच्या अव्वाचा अंगठाच मशीनवर लागायचा नाही. साठ वर्षं पानं कातरून, वळून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. माणूस जिवंत समोर उभं आणि मशीन म्हणतं, जुळत नाही. आमच्यातल्या एकीनं तिला तीन वेळा नेलं, तिसऱ्या वेळी डोळ्यांच्या स्कॅनवर झालं. ऑपरेशनचं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र यादीतल्या प्रत्येक हॉस्पिटलात बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रोग्याच्या नातेवाइकाला त्याच्यापर्यंत पोहोचवणं, एवढ्यानं घरातलं सोनं गहाण पडायचं वाचतं. दिलासा देणाऱ्या वचनांच्या जोडीला झेरॉक्सची दोन पानं पर्समध्ये असू देत.

आता मर्यादेचं. हे मला उशिरा कळलं, तुला आधी कळावं. लकव्यानं पडलेल्या एका आजींकडं मी दोन महिने रोज जात होते. अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं मी करायची. सून दारात उभी राहून बघायची. मला वाटायचं, बघा, कशी दगडासारखी उभी आहे. पुढं माझाच गुडघा धरला, मी दहा दिवस घरी. परत गेले तर आजींच्या माकडहाडावर हाताच्या तळव्याएवढी जखम. मी सुनेवर चिडले. ती रडायला लागली, म्हणाली, "तुम्ही कधी हात लावू दिला का? मला येतच नाही." दोन महिन्यांत मी तिची सासू तिच्याकडून काढून घेतली होती आणि सेवा केली म्हणून मनात खूश होते.

मग शिकवलं. आपली सोलापुरी चादर चौपदरी करून पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालायची. ती खरखरीत असते, थेट कातडीला लागू द्यायची नाही, वर जुनं सुती लुगडं. दोन बाजूंना दोघींनी चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून उचलून सरकवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. मग कुशीवर, पाठीशी उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. दर दोन तासांनी. सुनेनं भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्या. जखम भरायला तीन महिने लागले आणि शेवटी ती माझ्यापेक्षा सफाईनं करायला लागली.

त्या शोमरोनी माणसाकडं पुन्हा बघ. जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेऊन रात्रभर काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी? निघाला. त्याला त्याचं काम होतं. उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराचा दोन दिवसांचा रोज, आणि परत येईन तेव्हा जास्तीचं भरीन म्हणाला. सगळं आयुष्य त्या जखमीला वाहिलं नाही, पण वाऱ्यावरही सोडलं नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि परत यायचं कबूल केलं. गलतीकरांच्या पत्रात एकाच अध्यायात दोन वाक्यं आहेत: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकानं आपला भार वाहिला पाहिजे. तरुणपणी मला हे परस्परविरोधी वाटायचं.

आणखी एक खोड सांगायची राहिली, प्रार्थनेच्या विनंत्या. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर "अमक्या गल्लीतल्या आपल्या बहिणीच्या घरात जे चाललंय त्यासाठी प्रार्थना करा" असं पडलं की दहा मिनिटांत सगळ्या सोलापूरला कळतं की तिच्या मुलीनं घर सोडलंय. हात जोडलेले वीस इमोजी, आणि त्या घरी जाणारं एकही माणूस नाही. आजाराचं नाव, घरातलं भांडण, पोलीस केस, हे ज्याचं त्यानं सांगितल्याशिवाय आपण सांगायचं नाही. अगदी प्रार्थनेतही नाही. फोटोचंही तेच. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हटलंय, आणि आपण डाव्या हातात मोबाइल धरतो.

आणि घरचं. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. बुधवारचे डबे मी नेते, पण भाकरी थापते ती माझ्याकडं काम करणारी बाई. एका महिन्यात माझं पेन्शन उशिरा जमा झालं, मी तिचा पगार सात तारखेवर नेला, पुढच्या महिन्यातही तसंच झालं आणि मग तशी सवयच पडली. एक दिवस डबा बांधता बांधता ती म्हणाली, "सिस्टर, हॉस्पिटलातल्या बाईला जेवलीस का विचारता. मला एक तारखेला विचारा की." मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत द्यावा, कारण त्याचं चित्त त्यावर लागलेलं असतं, हे बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन लहानपणी मंडळीच्या शब्बाथ शाळेत मी तोंडपाठ केलं होतं, त्याचं बक्षीसही मिळालं होतं. आता तिचा पगार एक तारखेला सकाळी, ती चप्पल काढायच्या आत.

पैशाचं फार लिहीत नाही. मंडळीला दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, तू देतच असशील, त्याबाहेर महिन्याला शंभर-दोनशे रुपये सुट्टे वेगळ्या पाकिटात ठेव. शेअर रिक्षाचं भाडं, झेरॉक्स, एखादीचा चहा, यालाच ते जातात. उसने देऊ नकोस. द्यायचे तर देऊन मोकळी हो, उसन्यानं समाचाराचा रस्ता बंद होतो. ज्यानं पैसे घेतलेत तो तुला बघून गल्ली बदलतो.

पुढच्या बुधवारी तुझी सुट्टी झाल्यावर ये. भेटीच्या वेळेआधी आम्ही पाचजणी सिव्हिलच्या गेटपाशी उभ्या असतो, पांढऱ्या केसांवरून ओळखशील. काही आणू नकोस, फक्त निळं पेन आण, फॉर्म भरायला आमच्यातल्या एकीलाही आता बारीक अक्षर दिसत नाही. पहिल्या दिवशी तुला अक्कलकोटकडच्या एका बाईशेजारी बसवणार आहे. नवऱ्याचा पाय कापलाय, ती आठ दिवसांत कुणाशी बोललेली नाही. कानडी येत नसलं तरी चालेल.